बॅक बे, टाटा आणि आजोबांच्या पेटीतला शेअर

गेल्या दिवाळीत मुरगूडला गेले होते, तेव्हा घरातली आजोबांची पत्र्याची पेटी उघडली गेली. जुन्या सातबाऱ्यांच्या खाली बिद्रीच्या दूधगंगा-वेदगंगा साखर कारखान्याचा शेअर दाखला निघाला. वेदगंगेच्या काठी ‘शेअर’ या शब्दाचा अर्थ अनेक वर्षे एवढाच होता : कारखान्याचे सभासदत्व, उसाची नोंद आणि सवलतीच्या दराची साखर. तो दाखला माझ्या हातात असतानाच चुलतभावाने मोबाईल पुढे केला. “तू मुंबईत तिथंच असतीस न्हवं? ह्या दोन्हींतला कुठला घेऊ, सांग की.”

एका कंपनीचा शेअर ४० रुपयांचा, दुसरीचा ४,००० रुपयांचा. उसाचा शेवटचा हप्ता खात्यावर जमा झालेला. दादाचा कल अर्थातच ‘स्वस्त’ शेअरकडे होता.

मी इतिहासाची विद्यार्थिनी. कोणता शेअर घ्यावा हे सांगण्याचा मला काडीचाही अधिकार नाही. पण दादाने विचारला तोच प्रश्न मुंबईतल्या असंख्य लोकांनी १८६४ साली एकमेकांना विचारला होता आणि त्याचे जे उत्तर त्यांनी मानले, त्यापायी शहर देशोधडीला लागले होते. आजचा धागा त्या उत्तराविषयी आहे. जरा लांबेल, सांभाळून घ्या.

पार्श्वभूमी आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक असेल, म्हणून थोडक्यात सांगते. एप्रिल १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे रोखली आणि लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकन कापूस मिळेनासा झाला. त्यांची नजर मुंबईकडे वळली. कापसाचे भाव कडाडले आणि पुढच्या चार-पाच वर्षांत नेहमीच्या व्यापाराहून सुमारे ७ कोटी पौंड जास्तीचे मुंबईत आले. एवढा पैसा ठेवायचा कुठे, हा प्रश्न निर्माण झाला आणि कंपन्या काढणाऱ्यांनी तो सोडवला. जानेवारी १८६५ मध्ये शहरात ३१ बँका, १६ वित्तसंस्था, ८ जमीन कंपन्या, कापूस दाबण्याच्या १६ कंपन्या, १० जहाज कंपन्या आणि २० विमा कंपन्या नांदत होत्या. टाऊन हॉलसमोर, आज जिथे हॉर्निमन सर्कल आहे त्या परिसरात, झाडांच्या सावलीत दलाल उभे राहत. १८६० पूर्वी बोटांवर मोजण्याइतके असलेले हे दलाल तेजीच्या काळात दोनशेच्या वर गेले.

या साऱ्यांत मानाचा शेअर होता बॅक बे रेक्लमेशन कंपनीचा. समुद्र हटवून जमीन काढायची आणि ती विकायची, हा तिचा उद्योग. ज्या शेअरवर ५,००० रुपये भरलेले होते, त्याचा भाव ५०,००० च्या घरात पोहोचला. त्या वेळी कंपनीजवळ काय होते? एक परवाना, काही नकाशे आणि भरतीच्या वेळी पाण्याखाली जाणारा चिखल. जमीन निघाली असती तर मोल मोठे होते, यात शंका नाही; दक्षिण मुंबईतल्या जमिनीचे पुढे काय झाले ते आपण पाहतोच. म्हणजे कल्पना खुळी नव्हती. परंतु ५०,००० देणाऱ्याने किती एकर जमीन निघणार, ती कधी निघणार, तिला काय दर येणार आणि तोवरचा खर्च कोण करणार, याचा हिशेब मांडला होता का? आज सायंकाळी विकत घेतलेला कागद उद्या सकाळी घ्यायला कोणी तरी येईल, एवढाच त्याचा हिशेब होता.

तेव्हाची तुलना कशी होत असे, हे पाहण्याजोगे आहे. पहिली कसोटी भावाची : कालच्यापेक्षा आज किती चढला. दुसरी कसोटी नावाची : या कंपनीत प्रेमचंद रायचंद आहेत की नाहीत. प्रेमचंद हे सुरतेत जन्मलेले, दलालीतून वर आलेले, विलक्षण बुद्धीचे गृहस्थ. नव्या कंपनीचे शेअर कोणाला किती द्यायचे हे बहुतेक वेळा तेच ठरवीत. त्यांच्या यादीत नाव लागणे म्हणजे फायदा झाल्यातच जमा; शेअर हाती येण्याआधीच त्याचा हक्क चढ्या भावाने विकता येई. (मुंबई विद्यापीठाच्या जुन्या ग्रंथालयाची इमारत आणि राजाबाई टॉवर त्यांच्याच देणगीतून उभे राहिले, राजाबाई हे त्यांच्या आईचे नाव. शेअरवेडाबद्दल मी कधी कधी त्याच ग्रंथालयात बसून वाचते, तेव्हा मनात थोडे अवघडायला होते.)

ज्याकडे कोणी पाहिले नाही ती गोष्ट वेगळीच होती : हे शेअर कोणाच्या पैशाने घेतले जात होते? १८४० साली स्थापन झालेल्या बँक ऑफ बॉम्बेवर पूर्वी शेअर्सच्या तारणावर कर्ज देण्याबाबत कडक बंधने होती. १८६३ च्या कायद्याने ती सैल झाली. मग चक्र सुरू झाले. शेअर बँकेत तारण ठेवायचा, मिळालेल्या कर्जातून दुसऱ्या कंपनीचा शेअर घ्यायचा, तोही तारण ठेवायचा. भाव चढला की तारणाचे मूल्य चढे, तारणाचे मूल्य चढले की कर्ज वाढे आणि कर्ज वाढले की भाव पुन्हा चढे.

माझ्या मते १८६५ चा खरा धडा इथे आहे आणि तो फारसा सांगितला जात नाही. त्या काळच्या अनेक श्रीमंतांनी आपला पैसा एकाच कंपनीत ठेवला नव्हता. त्यांच्याजवळ बँकेचा शेअर होता, जमीन कंपनीचा होता, जहाजाचा होता, विम्याचाही होता. कागदावर पाहिले तर जोखीम छान विभागलेली. पण या सगळ्या कंपन्यांत आलेला पैसा एकाच कापसाचा होता, कर्ज त्याच मोजक्या बँकांचे होते आणि संचालक मंडळांवर नावेही पुन्हा पुन्हा तीच. दहा वेगवेगळ्या खुंट्यांवर कपडे टांगले होते, पण भिंत एकच होती.

९ एप्रिल १८६५ रोजी जनरल लीने शरणागती पत्करली. युद्ध संपले, कापूस उतरला आणि भिंत कोसळली. १ जुलै १८६५ हा वायद्यांच्या सौद्यांची पूर्तता करण्याचा दिवस होता. त्या दिवशी देणाऱ्याजवळ पैसा नव्हता आणि घेणाऱ्याला शेअर नको होता. बॅक बेचा शेअर पुढे २,००० च्या आसपास घसरला. बँक ऑफ बॉम्बेचा जो शेअर २,८५० पर्यंत गेला होता, तो ८७ रुपयांना विकावा लागला. १८६८ मध्ये ती बँक गुंडाळून त्याच नावाची नवी बँक काढावी लागली. तीच नवी बँक १९२१ मध्ये इंपिरियल बँकेत विलीन झाली आणि १९५५ मध्ये इंपिरियलची स्टेट बँक झाली. आपल्या खिशातल्या पासबुकाची एक शाखा अशी या चिखलातून आली आहे. शिवाय अनेक शेअर्सवर पूर्ण रक्कम भरलेली नव्हती. म्हणून भाव शून्यावर आला तरी धारकाची सुटका होत नसे. उरलेल्या हप्त्यांची मागणी त्याच्या दारात येई.

बुडालेल्यांत आपले डॉ. भाऊ दाजी लाड होते. गोव्यातल्या मांद्र्याचा हा मुलगा मुंबईत नामांकित डॉक्टर झाला, शिलालेख आणि नाणी वाचणारा पहिल्या फळीतला संशोधक झाला. शेअरवेडात त्यांची मोठी कमाई गेली. टाऊन हॉलच्या आत एशियाटिक सोसायटीत बसून ते एकेका अक्षराच्या वळणावरून राजांचा काळ ठरवीत आणि त्याच इमारतीसमोर दलालांचा कल्ला चाले. पुराव्याशिवाय एक शब्द न मानणारा माणूसही त्या हवेतून सुटला नाही, याचे मला वाईट वाटते आणि भीतीही वाटते. शिक्षण हे यावरचे औषध असते तर भाऊ दाजी वाचले असते.

आता चाळीसएक वर्षे पुढे येऊ. टाटांना पोलाद कारखान्यासाठी भांडवल हवे होते आणि लंडनच्या बाजाराने हात आखडता घेतला. ऑगस्ट १९०७ मध्ये कंपनी नोंदली गेली आणि शेअर मुंबईतच विक्रीस काढले. स्वदेशीचे दिवस होते. टाटांच्या कचेरीपुढे गर्दी लोटली आणि तीन आठवड्यांत सुमारे ८,००० भारतीयांनी भांडवल उभे केले. पुढे खेळत्या भांडवलासाठी ४ लाख पौंडांचे कर्जरोखे काढले, ते सगळेच्या सगळे ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांनी घेतले.

या भांडवलाची रचना तुलनेसाठी फार उपयोगी आहे. एकूण २ कोटी ३१ लाख ७५ हजार रुपये. त्यात ७५ रुपयांचे २ लाख साधारण शेअर, १५० रुपयांचे ५० हजार अग्रहक्काचे शेअर आणि ३० रुपयांचे २२,५०० ‘डिफर्ड’ शेअर. म्हणजे कंपनी एक, पण कागद तीन. अग्रहक्कवाल्याला ठरलेला लाभांश आधी मिळणार, साधारणवाल्याला त्यानंतर आणि डिफर्डवाला पंगतीत सर्वांत शेवटी बसणार. मात्र ताटे भरून उरले तर त्याची चंगळ. दर्शनी किमतीने सर्वांत स्वस्त असलेला तो ३० रुपयांचा शेअरच सर्वांत जास्त जोखमीचा होता. पहिल्या महायुद्धाच्या तेजीत तो कित्येक पटींनी चढला आणि १९२० नंतरच्या मंदीत तितक्याच वेगाने उतरला.

दर्शनी किंमत नेमके काय ठरवते, हे दुसऱ्या एका उदाहरणावरून कळते. १८५४ मध्ये कावसजी दावर यांनी मुंबईची पहिली कापडगिरणी काढली, तेव्हा ५ लाखांचे भांडवल ५,००० रुपयांच्या १०० शेअर्समध्ये विभागले होते. ते मोजके शेठजीच घेऊ शकले. टाटांनी ७५ रुपये ठेवले म्हणून ८,००० माणसे आली. दारातून कोण आत येणार हे त्या आकड्याने ठरते, घराचे मोल त्यावरून ठरत नाही.

टाटांचा शेअर घेणारे सुखात राहिले, असेही नाही. पोलाद निघायला १९१२ उजाडले. विस्ताराच्या खर्चाने आणि परदेशी पोलादाच्या स्पर्धेने १९२४ मध्ये कंपनी बुडण्याच्या बेतात आली आणि सर दोराबजींनी स्वतःची संपत्ती इंपिरियल बँकेकडे तारण ठेवून ती तारली. साधारण भागधारकांनी नंतर कित्येक वर्षे लाभांशाविना काढली. पण वाट पाहणाऱ्याच्या कागदामागे भट्टी होती, खाण होती, रूळ विकत घेणारी रेल्वे होती. बॅक बेच्या धारकाने वाट तरी कशाची पाहायची?

आणि आजोबांचा शेअर? प्रवरेला १९५० च्या सुमारास सहकारी कारखाना उभा राहिला आणि ते लोण आपल्या भागात आले. हा कागद कोणत्याही बाजारात विकला जात नाही, त्याला रोजचा भाव नाही, शेअर कितीही असोत मत एकच. आजोबांनी त्याची तुलना दुसऱ्या कशाशी केली नसावी. चिमणी त्यांना दिसत होती आणि कारखान्याचा काटा त्यांचाच ऊस तोलत होता.

दादाला मी यातले निम्मेच सांगितले. त्याच्या मोबाईलवर एक बेरीज मात्र करून दाखवली. समजा ४० रुपयांच्या कंपनीचे १०० कोटी शेअर आहेत, तर बाजार तिचे मोल ४,००० कोटी धरतो. ४,००० रुपयांच्या कंपनीचे ५० लाखच शेअर असतील, तर ती २,००० कोटींची. दोघींचा नफा वर्षाला १०० कोटी असेल, तर ‘स्वस्त’ शेअरसाठी तू ४० वर्षांचा नफा मोजतोयस आणि ‘महाग’ शेअरसाठी २० वर्षांचा. दादाने दोनदा आकडे तपासले. मग दोन्ही कंपन्यांचे वार्षिक अहवाल उतरवून घेतले आणि मी मुंबईला परतले.

आठ दिवसांनी रात्री त्याचा फोन आला. “अगं, ह्या चाळीसवाल्या कंपनीच्या मालकानं निम्म्याच्या वर शेअर तारण ठेवल्यात असं दिसतंय. तारण म्हंजे आपण पतसंस्थेत सोनं ठेवतो तसंच काय?”

तसेच, म्हणाले.

“मग कर्ज कशाला काढलंय, ते कुठं सापडंल?”