वेदनाशामक गोळ्या: चूक डॉक्टरची की रुग्णाची?

नांदेड-लातूरकडे गुडघेदुखी, कंबरदुखी घरोघरी आहे. जुनी चिठ्ठी मेडिकलवर दाखवायची, "तीच गोळी द्या" म्हणायचे, आणि पाच दिवसांची गोळी पाच महिने खायची. असेच एक शेतकरी काका माझ्याकडे आले, तेव्हा त्यांच्या किडनीला इजा झालेली होती. चिठ्ठी माझीच होती. "रोज एक" असे लिहिले होते. किती दिवस, ते लिहायचे राहिले होते. मग जबाबदार कोण? त्यासाठी थोडा इतिहास पाहू.

मे १९५३. आपला भाग तेव्हा हैदराबाद राज्यात होता. रत्नागिरी जिल्ह्यातल्या पालशेतच्या किनाऱ्यावर विशीतल्या एका तरुणाच्या मांडीचे हाड मोडले. पुण्यात त्याला मॉर्फिनचे इंजेक्शन दिले, पण पुरेशी भूल न देता पाय ओढून प्लास्टर घातले. त्या धक्क्याने तो दगावला, असे न्यायालयाने मानले. वडिलांना ३,००० रुपये भरपाई मंजूर झाली. 'जोशी विरुद्ध गोडबोले' या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्ये तो निकाल कायम ठेवला आणि डॉक्टरची तीन कर्तव्ये सांगितली: रुग्ण हाती घ्यावा का, कोणता उपचार करावा आणि तो कसा द्यावा, हे ठरवताना व करताना वाजवी काळजी घेणे.

१९९५ मध्ये पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली आली. २००५ च्या 'जेकब मॅथ्यू' निकालाने सांगितले, की डॉक्टरवर फौजदारी गुन्ह्यासाठी निष्काळजीपणा घोर असावा लागतो. १ मार्च २०१४ पासून ट्रामाडॉलसारखी औषधे 'एच-१' यादीत आली. दुकानदाराने त्यांची वेगळी नोंद करून ती तीन वर्षे जपायची असते.

याचा अर्थ काय? पूर्वीचे आजार विचारून, डोस, दिवस आणि धोके स्पष्ट सांगूनही रुग्णाने मनानेच गोळ्या वाढवल्या, तर सहसा डॉक्टर दोषी ठरत नाही. पण विचारलेच नाही, सांगितलेच नाही, तर "रुग्णाने जास्त खाल्ल्या" एवढे म्हणून डॉक्टरला सुटता येत नाही. दोघेही चुकले असतील, तर भरपाई कमी होऊ शकते.

त्या दिवसापासून मी दिवसांचा आकडा अक्षरात लिहितो. तुम्हीही विचारा: "डॉक्टर, किती दिवस?" बीपी, शुगर, अ‍ॅसिडिटी, किडनीचा त्रास असेल तर लपवू नका. जुनी चिठ्ठी जपून ठेवा, पण तिच्यावर नवी गोळी घेऊ नका. भरपाईने किडनी परत मिळत नाही.