सरकारी नोकरीचा अर्ज भरला, पुढे काय? पाठपुरावा असा करा

अर्ज भरला, फी भरली, परीक्षाही दिली. त्यानंतर महिनोन्‌महिने काहीच कळत नाही. मोहल्ल्यात कुणीतरी म्हणतं, "आपल्याला कुठे घेणार आहेत?" आणि मुलगा किंवा मुलगी चौकशीच सोडून देते. कधी कधी मात्र निकाल लागलेला असतो, कागदपत्र पडताळणीची तारीखही वेबसाइटवर आलेली असते, ती न बघितल्यामुळे हातची संधी जाते. म्हणून आम्ही सांगतो, पाठपुरावा म्हणजे कुणाच्या पाया पडणं नाही आणि भांडणही नाही. आपल्या अर्जाचं काय झालं हे विचारणं हा उमेदवाराचा हक्क आहे.

आधी फाइल तयार करा

जाहिरातीची पीडीएफ पहिल्याच दिवशी उतरवून ठेवा, नंतर ती वेबसाइटवर सापडेलच असं नाही. अर्जाची प्रिंट, फीची पावती आणि हॉल तिकीट एकाच फाइलमध्ये लावा. जाहिरात क्रमांक, अर्ज क्रमांक आणि बैठक क्रमांक वहीत लिहून ठेवा.

अर्जावर मोबाइल नंबर आणि ई-मेल स्वतःचाच द्या. मुलीच्या अर्जावर भावाचा नंबर असतो, भाऊ असतो सौदीत, आणि मेसेज तिथेच राहतो.

नाव आणि दाखले

दहावीच्या प्रमाणपत्रावर एक स्पेलिंग, आधारवर दुसरं, असं आपल्याकडे फार होतं. शेख, मोहम्मद, सय्यद ही नावं इंग्रजीत तीन-चार प्रकारे लिहिली जातात. लग्नानंतर मुलींचं नावही बदलतं. फरक असेल तर पडताळणीची वाट बघू नका, महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात नावातील बदल आधीच प्रसिद्ध करून घ्या.

मोमीन, बागवान, तांबोळी, पिंजारी, अत्तार अशा अनेक बिरादऱ्या राज्याच्या ओबीसी यादीत आहेत. त्या आरक्षणातून अर्ज केला असेल तर जातीचा दाखला, नॉन-क्रीमीलेयर आणि जात वैधता प्रमाणपत्र यांच्या तारखा जाहिरातीतील अटींशी ताडून बघा. दाखला खरा असूनही चुकीच्या मुदतीचा निघाला, तर दावा अडकतो.

विचारायचं कसं?

आठवड्यातून एकदा विभागाची वेबसाइट आणि आपलं लॉगिन बघा. तिथे काही नसेल तर जाहिरातीत दिलेल्या हेल्पलाइनवर किंवा ई-मेलवर विचारा. फोनवर कोण बोललं, कधी बोललं, काय सांगितलं, हे टिपून ठेवा. तरीही उलगडा झाला नाही तर लेखी अर्ज द्या. मजकूर एवढाच पुरे:

"विषय: जाहिरात क्र. … मधील … पदाच्या अर्जाची सद्यःस्थिती कळविणेबाबत. महोदय, मी वरील पदासाठी अर्ज केला असून माझा अर्ज क्र. … व बैठक क्र. … आहे. दि. … रोजी परीक्षा झाली. त्यानंतर कोणतीही सूचना प्राप्त झालेली नाही. तरी भरतीची सद्यःस्थिती लेखी कळवावी, ही विनंती."

घरची अडचण, वालिदांचं आजारपण यात लिहू नका. अर्ज कार्यालयाच्या आवक शाखेत द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख व आवक क्रमांक घ्या. गाव लांब असेल तर स्पीड पोस्टने पाठवा आणि पावती जपून ठेवा.

उत्तर आलं नाही तर

साधारण पंधरा दिवसांनी आवक क्रमांकाचा संदर्भ देऊन स्मरणपत्र द्या. राज्याच्या 2005 च्या दफ्तर दिरंगाई कायद्यानुसार कोणत्याही कर्मचाऱ्याकडे फाइल सर्वसाधारणपणे सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त पडून राहू नये, याची त्यात नम्रपणे आठवण करून द्या. राज्याच्या कार्यालयाबद्दलची तक्रार 'आपले सरकार' पोर्टलवर करता येते, तर केंद्राच्या विभागांसाठी 'सीपीग्राम्स' आहे.

त्यानंतर माहितीचा अधिकार वापरा. राज्यात अर्जाची फी 10 रुपये आहे. अर्ज एकाच विषयाचा आणि 150 शब्दांच्या आत असावा. "मला का घेतलं नाही?" असं विचारू नका, कारण या कायद्यात नोंदी मिळतात, मतं नाहीत. आपले गुण, प्रवर्गनिहाय कट-ऑफ, प्रतीक्षा यादी आणि अर्ज बाद केला असल्यास त्या निर्णयाची प्रत मागा. 30 दिवसांत उत्तर आलं नाही, तर पुढच्या 30 दिवसांत पहिलं अपील करा. त्यानंतर राज्य माहिती आयोगाकडे 90 दिवसांत दुसरं अपील करता येतं.

अन्याय झाला असं कागदावरून दिसत असेल तर राज्य शासनाच्या पदांसाठी महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण म्हणजे मॅट आहे. तिथे साधारणपणे एका वर्षाच्या आत जावं लागतं. जिल्हा परिषदेच्या पदांसाठी मात्र उच्च न्यायालय. महिलांना उत्पन्नाची अट न लावता जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळू शकतो.

हे मात्र करू नका

आमदाराचं पत्र, साहेबांच्या घरी चकरा, ओळखीच्या माणसाचा फोन, यातलं काहीही करू नका. असा दबाव आणणाऱ्या उमेदवाराला अपात्र ठरवण्याची अट अनेक जाहिरातींत असते. "दोन लाख द्या, ऑर्डर आणून देतो" म्हणणाऱ्या दलालाला दारातूनच परत पाठवा. रिश्वत दीनमध्ये हराम आहेच, आणि 2018 च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही कायद्याने गुन्हेगार ठरतो. कुणी पैसे मागितले तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा 1064 हा टोल-फ्री नंबर आहे.

भेदभाव झाला असेल, अशी शंका अनेक घरांत असते. ती कधी खरी ठरते, कधी खोटी. पण हातात शिक्का मारलेली प्रत असेल तरच ती तपासता येते. नुसती बोलून दाखवलेली शंका पुढच्या मुलाचा अर्जही थांबवते. म्हणून एका अर्जाचा पाठपुरावा चालू ठेवा आणि पुढच्या जाहिरातीचा अर्जही भरा. मेहनत आपली, बाकी अल्लाहच्या हाती.