इम्पीरियलमधले आजोबा

टोकियोच्या निशी-कसाईतल्या मराठी घरांत विचाराल तर निम्मे लोक कुठल्या ना कुठल्या बँकेची कॉम्प्युटर यंत्रणा सांभाळत असतात. वायटूकेच्या धामधुमीत प्रोग्रॅमर इथे, एदोगाव वॉर्डात, वस्तीला आले ते तोझाई मेट्रो लाइनपायी. गाडी न बदलता निहोनबाशी, ओतेमाची हे बँकांचे भाग गाठता येतात. जामीनदार न मागणाऱ्या निमसरकारी वसाहतीही इथेच. मीही त्याच लोंढ्यातला, फक्त आमच्या घरात बँक तीन पिढ्यांची.

आजोबा अकोल्याच्या इम्पीरियल बँकेत रोकड विभागात होते. माझे वडील, आप्पा, इथे नातवंडांजवळ राहायला आले की रात्रीची जेवणं उरकल्यावर हटकून अकोला सुरू होतं. "बाबांचा खरा साहेब बँक नव्हे रे, खजांची!" रोकडीची हमी खजांची द्यायचा, माणसंही तोच नेमायचा आणि पैसे कमी भरले तर भरपाई त्याच्याच खिशातून. म्हणून तो आजोबांना चांदीचा रुपया दगडावर आपटून कान लावायला शिकवी. खणखणीत वाजला तर पिशवीत, बद्द वाजला तर बाजूला. हे सांगताना आप्पा जेवणाच्या टेबलावर शंभर येनचं नाणं आपटून दाखवतात. खालच्या मजल्यावरचे जपानी शेजारी काय म्हणत असतील, देव जाणे.

त्या इम्पीरियलची एक आई बँक ऑफ बॉम्बे, स्थापना १८४०ची. अमेरिकन यादवीत मुंबईचा कापूस सोन्याच्या भावाने गेला, शेअरचा सट्टा फुगला, १८६५मध्ये युद्ध संपलं आणि कर्जं वाटून बसलेली बँक पुढे बुडाली. १८६८मध्ये जवळपास त्याच नावाने नवी निघाली. १९२१मध्ये मुंबईसह तीन इलाख्यांच्या बँका एक होऊन इम्पीरियल झाली आणि १ जुलै १९५५ला स्टेट बँक. पाटी बदलली तरी आजोबा शेवटपर्यंत 'इम्पीरियल'च म्हणत.

भारतीय कापूस जपानलाही येत होता. टाटांनी निप्पॉन युसेन कंपनीशी मिळून १८९३मध्ये मुंबई–कोबे जहाजं सुरू केली आणि पाठोपाठ योकोहामा स्पेशी बँक मुंबईत आली. तिची १९०४ची घुमटाची इमारत आता योकोहामात प्रांतिक संग्रहालय आहे. आप्पांना तिथे नेलं तेव्हा ते घुमटापेक्षा तिजोऱ्या कुठे असतील तेच शोधत होते. १९४२मध्ये जपानी लष्कराने डचांचं जावा घेतल्यावर तिथल्या डच बँका बंद झाल्या आणि त्यांचा कारभार जपानी बँकांकडे गेला, त्यांत योकोहामा स्पेशीही होती. युद्धानंतर तिच्या जागी बँक ऑफ टोकियो उभी राहिली. तिच्या आजच्या वारस समूहाने २०१९मध्ये इंडोनेशियाची दानामोन बँक ताब्यात घेतली. लष्कर गेलं, बँक पुन्हा आली. यात मला गंमतही वाटते आणि थोडी धास्तीही.

कामानिमित्त मी जकार्ताला गेलो. जुन्या कोटा भागात दोन बँक-संग्रहालयं जवळजवळ आहेत. एक १८२८च्या डे याव्हास्खे बँकेचं. स्वातंत्र्यानंतर १९५१मध्ये तिचं राष्ट्रीयीकरण होऊन १९५३मध्ये ती मध्यवर्ती बँक, बँक इंडोनेशिया झाली. दुसरं डच व्यापारी कंपनीच्या १९३३च्या इमारतीत, आता मंदिरी बँकेचं. तिथल्या रंगीत काचांत हॉलंडचे चार ऋतू रंगवले आहेत, भर विषुववृत्ताजवळ! खाली गलेलठ्ठ खतावण्या आणि चिनी गिऱ्हाइकांसाठीची वेगळी रोकड-खिडकी. फोनवर सांगितलं तर आप्पा म्हणाले, "साहेब वेगळा, पैसा मोजणारा वेगळा. सगळीकडे एकच तऱ्हा."

इंडोनेशियाने वसाहतीच्या बँका मोडून न टाकता लोकांना दाखवायला उघड्या केल्या, हे मला पटतं. मुंबईत रिझर्व्ह बँकेच्या संग्रहालयात नाणी-नोटा उत्तम जपल्या आहेत, पण रुपयाचा नाद ऐकणाऱ्या माणसांच्या आठवणी घरोघरी विरत चालल्यात. तुमच्याकडे कोणी इम्पीरियलमधलं असेल तर फोन समोर ठेवून बोलतं करा. खजांचीचं नाव विचारा, कमी भरलेल्या रोकडीचं काय झालं तेही विचारा. १९५५मध्ये विशीत असलेले आता नव्वदीत आहेत.