शिडाच्या नौकेचा लाकडी पाळणा

शिडाच्या नौकेचा पाळणा म्हणजे नौका पाण्याबाहेर काढल्यावर तिला जमिनीवर सरळ उभी धरणारा सांगाडा होय. बाल्टिक समुद्राचा किनारा, उत्तर अमेरिकेतील ग्रेट लेक्स आणि न्यू इंग्लंडचा किनारा अशा थंड प्रदेशांत छोट्या खासगी नौका साधारणपणे ऑक्टोबरच्या सुमारास बाहेर काढल्या जातात आणि वसंतात पुन्हा पाण्यात सोडल्या जातात. मधले पाच-सहा महिने नौका पाळण्यावर असते. आज पोलादी पाळणे व सुट्या घोड्या सर्रास वापरल्या जातात. तरीही नौकामालकाने स्वतः बांधलेला लाकडी पाळणा अजून प्रचारात आहे.

== आवश्यकता ==
पाण्याचे बर्फ होताना त्याचे आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढते. फळ्यांच्या सांध्यांत, इंजिनाच्या शीतन-नळ्यांत किंवा सुकाणूच्या पोकळीत राहिलेले पाणी गोठले की ते भाग फुटतात. शिवाय सभोवती गोठणारा व वाऱ्याने सरकणारा बर्फाचा थर नौकेच्या कवचावर दाब देतो. बाल्टिकचे पाणी महासागरापेक्षा बरेच कमी खारट असल्याने तेथे बर्फ लवकर धरते.

कोकणातही नौका हंगामी विश्रांतीसाठी किनाऱ्यावर ओढून शाकारल्या जातात. मात्र तेथे कारण बर्फ नसून पावसाळ्यातील खवळलेला समुद्र हे असते.

== भाराचे तत्त्व ==
पाळण्याची सारी रचना एका नियमावर उभी असते: नौकेचे वजन कीलने, म्हणजे तळाच्या कण्याने, पेलावे; बाजूच्या गाद्यांनी नौकेला केवळ कलू देऊ नये. हा नियम मोडणे ही हौशी बांधणीतील सर्वांत महागडी चूक होय. भार गाद्यांवर गेला तर फायबरग्लासचे कवच आत दबते आणि लाकडी नौकेच्या फासळ्या तडकतात. हे नुकसान बहुधा वसंतापर्यंत लक्षात येत नाही.

नॉर्डिक फोकबोट हे यासाठी चांगले उदाहरण आहे. १९४० च्या दशकारंभी स्वीडनमध्ये आकारास आलेल्या या नौकेची लांबी ७.६८ मीटर, रुंदी २.२० मीटर, डुबाव १.२० मीटर व वजन सुमारे १,९३० किलोग्रॅम असते. त्यातील निम्म्याहून अधिक वजन एकट्या लोखंडी कीलचे. लांब कील असल्याने ती टेकवणे सोपे जाते. उलट अरुंद, खोल कील असलेल्या आधुनिक नौकेचा पुढचा भाग खाली झुकू शकतो, म्हणून तिला नाळेखाली स्वतंत्र आधार द्यावा लागतो.

== मापे व बांधणी ==
कवचाचा आकार आराखड्यावरून किंवा प्रत्यक्ष नौकेवरून घेतात. नौका आधी पाणसळीने समतल करतात. मग प्लायवूडचा तुकडा कवचाजवळ उभा धरून त्यावर कंपासने वक्ररेषा उतरवतात व तो साचा कापतात. गाद्यांची जागा नौकेच्या आतील आडभिंतींच्या रेषेत निवडतात, कारण तेथे कवच सर्वाधिक कणखर असते. क्रेनचे पट्टे कोठून जाणार हेही याच वेळी ठरवावे लागते. पट्ट्याच्या वाटेत खांब आला तर उत्तम बांधलेला पाळणाही निरुपयोगी ठरतो.

फोकबोटीएवढ्या नौकेसाठी सुमारे १५ सेंटिमीटर जाडीचे चौरस वासे पुरतात. लांबीच्या दोन वाशांवर आडव्या तुळया बसवतात. त्यांची लांबी निदान नौकेच्या रुंदीइतकी असावी. कीलखालच्या तुळयांवर दोन्ही बाजूंना ठोकळे बसवले की कील आडवी सरकत नाही. कीलचा तळ पुढे वर चढत जात असेल तर तेथे सागवान किंवा ओकच्या पाचरी मारतात. बाजूचे खांब तुळयांना खाच पाडून जोडतात व प्रत्येकास दोन दिशांनी तिरके आधार देतात. चौकटीचे दोन्ही कर्ण समान भरले, तरच ती काटकोनात आहे असे समजावे.

जोडणीसाठी खिळे वापरत नाहीत. वाऱ्याने नौका सतत किंचित डुलते आणि खिळे हळूहळू सैल होतात. म्हणून आरपार बोल्ट व रुंद वायसर वापरतात. तांबेयुक्त रसायनाने टिकाऊ केलेल्या लाकडात साधे पोलाद लवकर गंजते, त्यामुळे बोल्ट जस्तलेपित किंवा स्टेनलेस स्टीलचे लागतात.

गाद्यांवर जुन्या गालिचाचा तुकडा ठोकण्याची प्रथा आहे. तो मऊ असला तरी पाणी धरून ठेवतो, आणि महिनोन्महिने ओलसर राहिलेल्या फायबरग्लासच्या पृष्ठावर फोड येऊ शकतात. फोकबोटीच्या पारंपरिक लाकडी कवचात फळीवर फळी चढवलेली असते. तेथे सपाट गादी एकाच फळीच्या कडेवर टेकते व ती कड चिरते. अशा गादीला फळ्यांनुसार पायऱ्या कोरतात.

== नौका ठेवणे ==
पाळणा खडी टाकलेल्या, निचरा होणाऱ्या जागेवर ठेवतात. ओली माती गोठताना असमान फुगते आणि पाळण्याचा एक कोपरा उचलते. नाळ किंचित उंच ठेवल्यास पावसाचे व वितळलेल्या बर्फाचे पाणी मागील निचरा-छिद्रांतून वाहून जाते. क्रेनचे पट्टे पूर्णपणे सोडण्यापूर्वी कील सर्वत्र टेकली आहे आणि प्रत्येक गादी कवचाला लागली आहे, याची खात्री करतात. तोवर नौकेखाली कोणीही जाऊ नये.

डोलकाठी उतरवून ठेवल्यास वाऱ्याचा जोर बराच कमी होतो. ताडपत्रीच्या दोऱ्या पाळण्याच्या खांबांना किंवा घोड्यांना बांधू नयेत, कारण वाऱ्याने फुगलेली ताडपत्री त्यांना जागेवरून खेचते. दोऱ्या नौकेच्या खालून पलीकडच्या कडेला नेतात किंवा त्यांना वजने लटकवतात.

लाकडी नौका तापवलेल्या कोठारात ठेवत नाहीत. कोरड्या हवेत फळ्या आकसून सांधे उघडतात, आणि वसंतात पाण्यात सोडल्यावर फळ्या पुन्हा फुगेपर्यंत नौका गळते. रिकामा पाळणा उन्हाळाभर उघड्यावर राहतो; जमिनीला टेकलेल्या वाशांची खालची बाजू व बोल्टांची भोके येथे कूज प्रथम धरते, म्हणून शरदात नौका चढवण्याआधी या जागा टोकदार अवजाराने टोचून पाहतात.