ग्रामीण टपालसेवेची पात्रता

खेड्यातील शाखा डाकघर म्हणजे बहुधा पोस्टमास्तरच्याच घराची एक खोली. काम दिवसाचे काही तासच. म्हणून खाते पूर्ण वेतन न देता भत्ता देई, आणि उमेदवारापाशी चरितार्थाचे दुसरे साधन असावे अशी अट घाली. १९६४ च्या नियमांत हे सेवक खात्याबाहेरचे गणले गेले होते.

मग ते सरकारी पदावर आहेत की नाहीत? सर्वोच्च न्यायालयाने १९७७ साली निर्णय दिला की, ते नागरी पदच धारण करतात. राज्यघटनेच्या ३११ व्या अनुच्छेदानुसार बाजू मांडण्याची वाजवी संधी दिल्याविना त्यांना बडतर्फ करता येणार नाही.

आमच्या मते या निर्णयाचे मर्म अधिक दूरवर पोचते. ते जर पद आहे, तर १६ व्या अनुच्छेदातील समान संधीही तेथे असलीच पाहिजे. तथापि स्वतःच्या नावे जमीन वा उत्पन्न नाही, एवढ्यावरून अधिक गुणांचे उमेदवार डावलले जात, आणि तंटे न्यायासनापुढे जात. अखेर या शतकाच्या आरंभी बेल्लारीच्या प्रकरणात केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरणाच्या पूर्णपीठाने ठरविले की, चरितार्थाचे साधन ही निवडीची अटही नव्हे आणि अग्रक्रमाचे कारणही नव्हे.

ज्यांच्या घरी सात-बाराचा उतारा नाही, त्यांना या निर्णयाचे मोल सांगावयास नको. वडिलांनी शेत ठेवले नाही, म्हणून मुलाला टपालाची पिशवी नाकारली जाऊ नये. ज्ञातिबांधवांनी मुलांना शिकवावे, आणि कायदाही वाचावयास लावावे, एवढीच आमची विनंती.