हर्शेलनी एक मोजला, निघाले दोन

मंडळी, आज आपण एका रात्रीपासून सुरुवात करू. १३ नोव्हेंबर १७९०. इंग्लंडमध्ये विल्यम हर्शेल दुर्बिणीला डोळा लावून बसले आहेत. वृषभ राशीत त्यांना एक तारा दिसतो, आणि त्याच्याभोवती फिकट, गोल उजेड. आज आपण त्याला एनजीसी १५१४ म्हणतो.

चकतीसारख्या दिसणाऱ्या अशा अभ्रिकांना ‘ग्रहीय’ हे नाव हर्शेलनीच दिलं. ग्रहांशी त्यांचा संबंध काहीच नाही. म्हातारा तारा आपली बाहेरची आवरणं टाकतो, त्याचा तो वायू. पण हर्शेलना तोवर वाटत होतं, की अभ्रिका म्हणजे दूरच्या ताऱ्यांची दाटी. त्या रात्री मत बदललं. उजेड मधल्या ताऱ्याभोवतीच होता. तो ताऱ्यांचा नव्हे, हे त्यांनी मान्य केलं. १८६४ साली विल्यम हगिन्स यांनी दुसऱ्या एका ग्रहीय अभ्रिकेचा वर्णपट पाहिला आणि तिथे वायूच असल्याचं सिद्ध झालं.

आता अडचण बघा. हा वायू उजळायला मधला तारा अतिशय तप्त हवा. एनजीसी १५१४ मधला दिसणारा तारा तर जेमतेम १० हजार अंशांचा! मग दिवा कोण लावतंय? १९६० च्या दशकात लुबोश कोहोउतेक यांनी सुचवलं, की त्याच्या प्रकाशात एक तप्त जोडीदार लपलाय.

१९७६ साली दोन गोष्टी घडल्या. हॉवर्ड बाँड यांनी एबेल ६३ या अभ्रिकेच्या मध्यभागी एकमेकांना ग्रहण लावणारी जोडी ओळखली. तिची फेरी सुमारे ११ तासांची. इतके जवळ दोन तारे आले कसे? बोहदान पाचिन्स्की यांचं उत्तर असं: एक तारा फुगला, दुसरा त्याच्या आवरणात सापडला, घर्षणाने आत आत सरकला आणि आवरण बाहेर फेकलं गेलं. अनेक अभ्रिका गोल का नसतात, याचंही एक कारण इथे मिळतं.

एनजीसी १५१४ ची जोडी मात्र संथ. वर्षानुवर्षं वर्णपट घेतल्यावर २०१७ साली तिची फेरी कळली: सुमारे ९ वर्षं.

गंमत अशी, की तारे जोडीने एकमेकांभोवती फिरतात हे १८०३ साली दाखवून दिलं ते हर्शेलनीच. पण ही जोडी डोळ्यांना सुटी दिसणारी नव्हती. ती कळायला दोनशेहून अधिक वर्षांची चिकाटी लागली. आपला सूर्य तर एकटाच आहे. तो अशी अभ्रिका घडवेल का, यावर अभ्यासकांचा वाद अजून चालू आहे.