करणग्रंथांतील दोष व त्यांचे निराकरण : गोंदियाच्या रेखांशावरून काही विचार

ज्योतिर्गणिताच्या इतिहासात सिद्धान्तग्रंथांची चर्चा पुष्कळ होते. करणग्रंथांची त्या मानाने थोडी. वस्तुतः सामान्य गणकाचा आणि विद्यार्थ्याचा नित्य संबंध करणग्रंथांशीच येत असे. सिद्धान्त उपपत्ती सांगतो. करण केवळ कृती सांगते. ही संख्या घ्यावी, तीस अमुकाने भागावे, बाकीस तमुकाने गुणावे, म्हणजे ग्रह आला. आज संगणकावर आकाशदर्शनाचा कार्यक्रम चालविणारा विद्यार्थी आतले गणित न पाहता उत्तर घेतो. करणग्रंथ वापरणाऱ्या गणकाची स्थिती याहून फारशी वेगळी नव्हती. म्हणून उत्तर चुकले असता दोष कोठे शोधावा, हा प्रश्न दोघांनाही सारखाच.

महाराष्ट्रात या वर्गातील सर्वमान्य ग्रंथ म्हणजे नांदगावच्या गणेश दैवज्ञांचा ‘ग्रहलाघव’, शके १४४२ (इ. स. १५२०). त्याची लोकप्रियता त्याच्या सोयीत आहे. इष्ट शकातून १४४२ वजा करून बाकीस अकरांनी भागावयाचे. ४०१६ दिवसांचे एक चक्र धरल्यामुळे अहर्गण कधीच मोठा होत नाही. आणि ज्याचापांचा, म्हणजे त्रिकोणमितीच्या सारण्यांचा, उपयोग संपूर्ण ग्रंथात टाळलेला आहे. परंतु आपल्या विषयास अधिक महत्त्वाची गोष्ट निराळीच आहे. गणेशांनी कोणताही एक पक्ष संपूर्ण स्वीकारला नाही. सूर्य आणि चंद्रोच्च सौरपक्षाचे घेतले. चंद्र सौरपक्षाचाच, पण नऊ कला कमी करून. मंगळ, गुरू व राहू आर्यपक्षाचे. शनी आर्यपक्षाचा, पाच अंश वाढवून. बुधाचे केंद्र ब्राह्मपक्षाचे. आणि शुक्राचे केंद्र ब्राह्म व आर्य या दोहोंच्या मध्यावरचे. यात उपपत्तीची एकवाक्यता नाही, हे उघड आहे. जेथे आकाशात फरक दिसला तेथे तेवढ्यापुरती दुरुस्ती केली, इतकेच. त्यांचे वडील केशव दैवज्ञ यांनीही ‘ग्रहकौतुका’वरील आपल्या टीकेत पुढील गणकांनी युती, उदयास्त व ग्रहणे पाहून गणित सुधारीत जावे, असे सांगून ठेवले आहे.

आता गोंदियाकडे वळू. हा जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यापासून वेगळा झाला. जिल्ह्याचे ठिकाण पूर्व रेखांश सुमारे ८०° १२′ वर आहे. परंपरागत मध्यरेषा उज्जयिनीवरून, म्हणजे सुमारे ७५° ४६′ वरून जाते. अंतर ४° २६′, म्हणजे कालाने सुमारे १८ मिनिटे किंवा ४४ पळे. एवढ्या काळात चंद्र जवळजवळ दहा कला चालतो. समजा, येथील कोणी गणकाने सौरपक्षाचा मध्यम चंद्र काढला आणि देशांतरसंस्कार द्यावयाचे विसरला, तर त्याचे उत्तर सुमारे दहा कलांनी अधिक येईल. आणि गणेशांनी चंद्रातून कमी केलेल्या कला नऊ आहेत! दोन्ही आकडे इतके जवळ येणे हा निव्वळ योगायोग होय. पण त्यातून घ्यावयाचा बोध योगायोगाचा नाही. ग्रंथातील मानाचा दोष आणि वापरणाऱ्याने स्थल चुकविल्याचा दोष हे परिणामावरून ओळखता येत नाहीत. एकाच गावी बसून वेध घेणारा दुसऱ्या दोषाचे खापर पहिल्यावर फोडण्याचा संभव फार.

हाच घोटाळा छापील पंचांगांनी व्यवहारात आणला. मुंबई व गोंदिया यांत सूर्योदयाचे अंतर केवळ रेखांशामुळे सुमारे साडेएकोणतीस मिनिटांचे आहे. अक्षांशामुळे ऋतुपरत्वे आणखी काही मिनिटांचा फरक पडतो. उदयतिथीचा नियम असल्याने, जी तिथी या अर्ध्या तासाच्या आत संपते, ती गोंदियास त्या दिवसाची ठरते आणि मुंबईस ठरत नाही. मुंबईचे पंचांग जसेच्या तसे वापरणाऱ्यास हा दोष पंचांगकर्त्याचा वाटतो. पंचांग मात्र आपल्या गावापुरते बिनचूक असते. येथे एक गमतीची गोष्ट नमूद करण्यासारखी आहे. १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ सुरू झाली. त्यापूर्वी रेल्वे मद्रासची वेळ पाळीत असे. मद्रास आणि गोंदिया जवळजवळ एकाच रेखांशावर असल्यामुळे या स्थानकावर रेल्वेचे घड्याळ व स्थानिक मध्यम वेळ यांत फरक म्हणण्यासारखा नव्हताच. साडेब्याऐंशी अंशांची वेळ आल्यावर तो सुमारे नऊ मिनिटांचा झाला.

ग्रंथातील मानाचे दोष मात्र खरेच होते. सूर्यसिद्धान्ताचे वर्ष ३६५ दिवस १५ घटी ३१ पळे ३१ विपळे. ते वास्तव नाक्षत्र वर्षाहून सुमारे साडेतीन मिनिटांनी मोठे, आणि सायन वर्षाहून सुमारे २४ मिनिटांनी. पहिला फरक हजार वर्षांत सव्वादोन दिवसांच्या वर जातो. दुसरा चौदाशे वर्षांत २३ दिवसांचा होतो. केरो लक्ष्मण छत्रे यांनी १८६० साली ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ प्रसिद्ध करून ग्रहगणित पाश्चात्य मानांवर आणले, आणि १८६५ पासून पटवर्धनी पंचांग निघू लागले. प्रस्तुत लेखकाच्या मते या उपक्रमाच्या मर्यादित यशाचे कारण लोकांचा दुराग्रह एवढेच नव्हे. केरोपंतांनी दोन दुरुस्त्या एकदम केल्या. ग्रहांची स्थाने सुधारली, ती कोणासही आकाशात पडताळता येत होती. त्याचबरोबर रेवतीच्या योगतारेपासून राशिचक्राचा आरंभ धरून अयनांश सुमारे चार अंशांनी बदलले. त्यामुळे अधिकमास आणि सण हलले, आणि ही गोष्ट वेधाने ठरण्यासारखी नव्हती, कारण आरंभस्थान ही संकेताची बाब आहे. दुसरीबद्दलच्या असंतोषात पहिलीही सापडली. ग्रहलाघवाच्या नावाने नव्या गणितास विरोध करणाऱ्यांना खुद्द गणेशांची रीत आठवली नाही, हेही तितकेच खरे. शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी १८९६ च्या आपल्या इतिहासग्रंथात ही सर्व परंपरा मांडली. तो ग्रंथ आजही पुन्हा वाचण्याजोगा आहे. पुढे व्यंकटेश बापूजी केतकर यांनी चित्रा तारा प्रमाण धरून गणित रचले, आणि वाद ग्रहांच्या स्थानांवरून अयनांशांवर जाऊन स्थिरावला.

या वादात विदर्भाचा वाटा अल्प नाही. काशीस कीर्ती मिळविलेले बापूदेव शास्त्री यांचे आरंभीचे गणिताध्ययन नागपुरात झाले. तेथूनच विल्किन्सनने १८३८ च्या सुमारास त्यांना सिहोरास नेले. नागपूरचे डॉ. के. ल. दप्तरी हे १९५२ मध्ये नेमलेल्या, मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालील पंचांगसुधारणा समितीचे सभासद होते. समितीने आपल्या १९५५ च्या अहवालात नागरी दिनगणना सायन ठेवून धार्मिक पंचांगासाठी अयनांश निराळे ठरवून दिले. अर्थात, केरोपंतांनी एकत्र केलेल्या दोन गोष्टी तिने विलग केल्या. राष्ट्रीय पंचांगाचे मध्यस्थान ८२° ३०′ पूर्व व २३° ११′ उत्तर असे धरले गेले, आणि २२ मार्च १९५७ हा १ चैत्र १८७९ झाला.

संगणकाच्या कार्यक्रमांत ग्रहांची मूळ माने सहसा चुकत नाहीत. चुकते ते स्थल, प्रमाणवेळ, निवडलेला अयनांश, किंवा सूर्योदयाची व्याख्या. बिंबाचे मध्य वक्रीभवन न धरता क्षितिजावर येणे आणि वक्रीभवनासह वरची कड दिसणे, यांत गोंदियाच्या अक्षांशावर सुमारे साडेतीन ते चार मिनिटांचे अंतर पडते. दोन कार्यक्रमांची उत्तरे तेवढ्यानेच भिन्न आल्यास प्रथम ही व्याख्या तपासावी, आणि त्यानंतरच गणिताकडे वळावे.